पिवळा, जांभळा, नारिंगी

पिवळा-जांभळा-पिवळा पट्ट्यांचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा. पिवळा-जांभळा-नारिंगी पट्ट्यांचा ४७ किलोओहमचा. हा छोटा भाग विजेचा प्रवाह किती अडवतो ते त्याच्या अंगावरचे पट्टे सांगतात. दिवसाउजेडी खिडकीशी धरले तर फरक सहज कळतो. माझ्या भाचीने ते गिटारच्या पेडलच्या किटमध्ये रात्री, जेवणं उरकल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिवळ्या दिव्याखाली बसवले. त्या उजेडात नारिंगी पट्टाही पिवळाच दिसतो. दोन्ही रेझिस्टर एकमेकांच्या जागी गेले.

बाकी सगळं तिने नीट केलं होतं. झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले, एका बाजूने गिटारची केबल, दुसऱ्या बाजूने अँपची, म्हणजे ॲम्प्लिफायरची. पायाने स्विच दाबला तसा लाल एलईडी लागला. गिटारचा आवाज मात्र कुठेतरी लांबून, तोंडावर उशी दाबल्यासारखा येऊ लागला. तिने दोनदा स्विच दाबून पाहिला, केबल काढून पुन्हा लावली, आणि पेडल माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मामा, मला नाही जमत हे."

ते किट मी तयार केलं होतं. सर्किट मी काढलं, पीसीबी, म्हणजे सुटे भाग ज्यावर बसतात ती छापील पाटी, मी आखला, रेझिस्टरच्या किमती मी निवडल्या. एकसारखे दिसणारे दोन रेझिस्टर एकाच पुडीत घालून मीच तिच्या हातात ठेवले होते. चूक माझ्या किटची होती आणि कमीपणा ती स्वतःकडे घेत होती. हे मला फार लागलं. सर्किट काढायला एक संध्याकाळ पुरली होती. त्याचं खऱ्या अर्थाने किट व्हायला त्या रात्रीनंतर चौदा महिने गेले.

गिटार न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी. बूस्ट पेडल ही सगळ्यात साधी पेडल. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातून, येणारा सिग्नल एखाद्या व्होल्टच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा असतो. बूस्ट तो मोठा करून पुढे अँपला देतो, एवढंच त्याचं काम. पण अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, असेल तर नुसता आवाज वाढून थांबत नाही. अँपचा पहिला व्हॉल्व्ह इतका मोठा सिग्नल पेलू शकत नाही, लाटेचे शेंडे चेपले जातात आणि मूळ सुरात वरचे अनेक स्वर मिसळतात. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी नीट लागली की एकाच तारेतून स्वरांचा झुबका उठतो. मार्ग अगदी वेगळा आहे, पण कानाला मिळणारं सुख मला त्याच जातीचं वाटतं. तार तीच, बोट तेच, आणि सूर मात्र भरून आलेला.

या पेडलचा जन्मही सुंदर आहे. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांनी १९६८ साली इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी काढली. बेल लॅब्जमध्ये काम केलेले बॉब मायर त्यांच्यासाठी गिटारचा स्वर लांबवणारं एक यंत्र तयार करत होते. गिटारचा सिग्नल त्या यंत्राला अपुरा पडतो म्हणून मायर यांनी त्याच्या पुढे एका ट्रान्झिस्टरची छोटी डबी जोडली. मॅथ्यूज यांनी त्या डबीबद्दल विचारलं, ती नुसतीच वाजवून पाहिली, आणि मोठं यंत्र बाजूला राहून डबीच बाजारात आली. तिचं नाव एलपीबी-१. सुरुवातीला तिला पायाचा स्विचसुद्धा नव्हता. ती थेट गिटारला किंवा अँपला खोचायची. त्याच्या थोडं आधी इंग्लंडमध्ये डॅलस कंपनीचा रेंजमास्टर आला होता. त्यातही एकच ट्रान्झिस्टर होता, जर्मेनियमचा, आणि तो मुख्यतः वरचे सूर उचलायचा. आज पेडलची बाजारपेठ केवढी पसरली आहे, पण तिच्या मुळाशी असे एकेका ट्रान्झिस्टरचे डबे आहेत.

आमच्या घरी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच. "ट्रान्झिस्टर लाव" असंच आजी म्हणायची. त्या चामडी पिशवीतल्या डब्याला आत बसलेल्या मसुराएवढ्या वस्तूचं नाव मिळालंय हे मला आठवीत कळलं आणि तेव्हापासून मी या विषयाला चिकटलो तो चिकटलोच. म्हणून पहिलं किट एका ट्रान्झिस्टरचंच करायचं हे माझ्या मनात पक्कं होतं. झाकण उघडून पाहणाऱ्याला बोट ठेवून म्हणता आलं पाहिजे की आवाज मोठा होतो तो इथे.

आता तो कसा मोठा होतो, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बॅटरी ९ व्होल्टची. कलेक्टर आणि बॅटरीच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर आणि ग्राउंडच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूच्या, मध्ये ३९० ओहमचा. गिटारचा सिग्नल बेसवर येऊन प्रवाह किंचित कमी-जास्त करतो. तोच प्रवाह दोन्ही रेझिस्टरमधून वाहतो, पण १० किलोओहमवर त्याचा चढउतार मोठा दिसतो, ३९०वर लहान. या दोहोंच्या प्रमाणात आवाज वाढतो. व्हॉल्यूम पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरचा, भार आणि ट्रान्झिस्टरचा स्वतःचा अंतर्गत रोध धरला तर हिशेब वीसपटीच्या आसपास येतो, म्हणजे साधारण २६ डेसिबल. छोट्या डबीच्या मानाने हे पुष्कळ झालं.

पण सिग्नल वर-खाली होणार, तर त्याला दोन्हीकडे जागा हवी. झोपाळा मधोमध टांगला तरच दोन्ही बाजूंना झोका घेतो; भिंतीला टेकवून टांगला तर एका बाजूला आपटतो. म्हणून सिग्नल नसताना कलेक्टरवर साधारण निम्मा, साडेचार व्होल्टच्या आसपास दाब असावा लागतो. हे टांगण्याचं काम भाचीने अदलाबदल केलेल्या त्या दोन रेझिस्टरचं. ४७० वर, बॅटरीच्या बाजूला; ४७ खाली, ग्राउंडच्या बाजूला. दोघं मिळून ९ व्होल्टचा अकरावा हिस्सा, म्हणजे ०.८ व्होल्ट बेसला देतात. त्यांची अदलाबदल झाली की बेसवर भलताच दाब चढतो, ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडतो, कलेक्टर तळाला जाऊन बसतो आणि झोपाळा भिंतीला चिकटतो. भाचीच्या पेडलमध्ये झालं होतं ते हेच.

मूळ एलपीबी-१ च्या प्रचलित आराखड्यात या जागी ४३० आणि ४३ किलोओहम असतात. त्या किमती आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत, ४७० आणि ४७ कुठेही मिळतात, आणि प्रमाण तेच, एकास दहा. तेव्हा मी खूश होतो. आपल्या बाजाराला साजेसा बदल केला आणि सर्किटला धक्का लागला नाही, असं वाटलं. पट्ट्यांच्या रंगांकडे मी पाहिलंच नव्हतं. मी कागदावर आकडे वाचत होतो; ती टेबलावर रंग वाचत होती.

त्या रात्रीनंतर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ट्रान्झिस्टरच बदलून पाहिला. दुसऱ्या जातीचा घेतला तर त्या जोडीची गरजच उरणार नव्हती. शिवाय जुन्या सर्किटचा एक दोष मला पहिल्यापासून खुपत होता. गिटारच्या पिकअपमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. अशा वेटोळ्यातून निघणारा सिग्नल नाजूक. व्हॉल्व्ह अँपचा इनपुट साधारण १ मेगओहमचा असतो, तो पिकअपला जाणवतही नाही. आपल्या या सर्किटचा इनपुट जेमतेम ३५ किलोओहम. पिकअपवर ओझं पडतं आणि वरच्या सुरांची झळाळी थोडी मरते.

म्हणून आधी जेफेट घेतला, जे २०१. आवाज इतका स्वच्छ आला की मी अर्धा तास नुसता वाजवत बसलो. पण जेफेटचे दोन दाणे एकसारखे नसतात. जे २०१ बंद होण्याचा व्होल्टेज डेटाशीटमध्येच −०.३ ते −१.५ असा दिलेला आहे, म्हणजे पाचपट अंतर. प्रत्येक पेडलमध्ये छोटा ट्रिमपॉट बसवायचा आणि मीटर लावून दाब जुळवायचा, त्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न धरणाऱ्याला हे सांगणं म्हणजे पहिल्याच दिवशी पोहायला येणाऱ्याला विहिरीच्या खोल बाजूने उतरवणं. त्यातून पायांचे जेफेट आता बहुतेक मोठे उत्पादक बनवत नाहीत. मिळतात ते पीसीबीच्या पृष्ठभागावर चिकटवायचे, तांदळाच्या कणीएवढे.

मग आणखी एक जात, मॉसफेट, बीएस १७०. हाही सुरेख वाजतो. पण त्याचा गेट, म्हणजे बेसच्या जागचा पाय, स्थिर विजेला हळवा. डिसेंबरात पुण्यात रात्री स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो, तेवढ्याने तो बसवण्याआधीच मरू शकतो, आणि मेलेला मॉसफेट बाहेरून जिवंतासारखाच दिसतो. नवख्याला कळणारच नाही की आपलं काय चुकलं.

अखेर मी जुन्याच वाटेवर आलो. बीसी ५४९, सी गटातला. बीसी ५४७ चा हा कमी खरखरीचा भाऊ. नाही मिळाला तर ५४७ सुद्धा चालतो, आणि तो पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तर मिळतोच, पण तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या खणातही सापडतो. हे मला आवाजाच्या झळाळीपेक्षा मोठं वाटलं. करमाळ्याच्या मुलाने सोल्डर करताना ट्रान्झिस्टर जाळला तर त्याला मला पत्र पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी लागू नये. सायकल काढावी आणि बाजारातून काही रुपयांत दुसरा आणावा. झळाळी थोडी मरते ते पुस्तिकेत कारणासकट लिहून टाकलं. शिकणाऱ्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही.

इथे एक सूचना, कुणी असं काही करायला घेणार असेल तर. बीसी मालिकेच्या ट्रान्झिस्टरची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून क्रम येतो कलेक्टर, बेस, एमिटर. परदेशी आराखड्यांमध्ये सर्रास असणाऱ्या टूएन ३९०४ चा क्रम नेमका उलटा. आराखडा तिकडचा आणि ट्रान्झिस्टर इकडचा, अशी जोडी जमली की पेडल मरगळतं. म्हणून माझ्या पीसीबीवर नुसता अर्धवर्तुळाचा ठसा नाही, प्रत्येक भोकाशी पायाचं अक्षरही छापलं आहे.

पुढे काम करता करता माझ्या मनात चुकांचे दोन ढीग पडत गेले. काही चुकांनी वस्तू जाते. काही चुकांनी वस्तू फक्त गप्प बसते, आणि का गप्प आहे ते शोधता येतं. पहिल्या ढिगातली एकही चूक नवख्याच्या वाट्याला येता कामा नये, ती जबाबदारी किट करणाऱ्याची. दुसऱ्या ढिगातल्या चुका मात्र मी सगळ्याच पुसून टाकल्या नाहीत. त्या सापडतील एवढी सोय केली.

पहिल्या ढिगात सगळ्यात वर होता पॉवर ॲडॅप्टर. गिटार पेडलच्या जगात ९ व्होल्टच्या पिनला मधोमध निगेटिव्ह असतो. घरात पडलेल्या वायफाय राउटरच्या ॲडॅप्टरला बहुधा मधोमध पॉझिटिव्ह आणि वर १२ व्होल्ट. पिन मात्र तशीच दिसते, पुष्कळदा बसतेही. कुणीतरी तो लावणारच. कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग; त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक जातीच्या कपॅसिटरला उलटा दाब मिळाला की तो गरम होतो, फुगतो, प्रसंगी फुटतो. म्हणून दाराशीच १एन ५८१७ हा डायोड राखणीला बसवला. सरळ प्रवाहाला तो जेमतेम ०.२ व्होल्टची चुंगी घेतो, उलट्याला आत सोडत नाही. कपॅसिटर २५ व्होल्टचे घेतले, म्हणजे सरळ जोडणीचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागला तरी बिघडत नाही.

दुसरा होता पायाचा स्विच. पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे जावा आणि एलईडीही विझावा, यासाठी नऊ पायांचा स्विच लागतो. नऊ पायांना नऊ वायरी, त्यातल्या काही एकमेकींना ओलांडून. शिकाऊ माणूस एकेका पायावर आयर्न टेकवून बसतो, आतलं प्लॅस्टिक वितळतं, पत्रा सरकतो आणि स्विच कायमचा अडकतो. त्यासाठी मी छोटा वेगळा पीसीबी केला. स्विच त्यात नुसता खोचायचा आणि नऊ ठिकाणी झटपट डाग द्यायचे. वायरी उरल्या पाच.

डबी मी भोकं पाडूनच देतो. स्विचला १२ मिलिमीटर, पॉटला ७, एलईडीला ५. ड्रिल मशीन घरी नसलेल्या मुलीने इथेच अडून राहावं असं मला वाटत नव्हतं. याहून जास्त काही सांगण्यासारखं डबीत नाही.

डाग देण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण किटचं सारं यशापयश त्यावर आहे. लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भट्टी मांडायचा, भाता चालवायचा, पातेलं तापलं की नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर, आणि काळवंडलेलं पितळ क्षणात चांदीसारखं. कथील टेकवण्याआधी नवसागर का, हे तेव्हा कळत नव्हतं. धातूवर चढलेली मळी नवसागराने निघते, स्वच्छ तापलेला धातू उघडा पडतो, आणि तेव्हाच कथील त्याला धरतं. सोल्डर वायरच्या पोटात जो फ्लक्स असतो त्याचं कामही हेच.

म्हणून माझ्या पुस्तिकेत सोल्डरिंगचं पान कल्हईवाल्यापासून सुरू होतं. पातेलं तापवल्याशिवाय तो कांडी लावत नसे, तसं आधी पॅड (पीसीबीवरचा धातूचा ठिपका) आणि पाय दोन्ही एकत्र तापवा, दोन सेकंद. मग वायर जोडाला लावा, आयर्नच्या टोकाला नव्हे. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेली तार १९० अंशांच्या आत वितळते आणि जोडावर पाण्यासारखी पसरते. गार होताना चमकदार, उतरत्या बाजूंचा छोटा ढीग झाला तर डाग धरला. मण्यासारखा गोल गोळा बसला तर धरला नाही, वरवर चिकटला आहे. एक फरक मोठ्या अक्षरात छापला आहे. कल्हईच्या कथलात शिसं चालत नाही, कारण त्या भांड्यात अन्न शिजतं; आपल्या तारेत ते आहे. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मगच डब्यातला लाडू. आणि धुरावर वाकून बसू नका.

पुस्तिका लिहिताना मला अमेरिकेतल्या हीथकिटच्या पुस्तिकांचा फार आधार वाटला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, उरलेल्या लष्करी सुट्या भागांमधून त्यांनी ऑसिलोस्कोपचं किट काढलं आणि पुढे १९९२ पर्यंत रेडिओपासून रंगीत टीव्हीपर्यंत लोकांनी त्यांची किटं घरच्या टेबलावर जोडली. त्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक कृतीपुढे खूण करायची मोकळी जागा असायची. एक रेझिस्टर, त्याचे रंग, त्याची जागा, आणि झालं की खूण. माणूस कुठे थांबला होता हे दुसऱ्या दिवशीही कळतं. मी ती पद्धत तशीच्या तशी घेतली.

भाषा मराठी ठेवली. पण कपॅसिटरला धारित्र, रेझिस्टरला रोधक हे शब्द ठेवले नाहीत. ते शब्द मी शाळेत शिकलो, माझा त्यांच्यावर राग नाही. पण तापकीर गल्लीत जाऊन कुणी "धारित्र द्या" म्हटलं तर दुकानदार दोनदा विचारेल, आणि विचारणारा पोरगा ओशाळेल. दुकानात जो शब्द चालतो तोच पुस्तिकेत. मराठी राहिली ती क्रियापदांमध्ये: खोचा, वाकवा, टेकवा, थांबा, फुंकर घालू नका.

आणि पहिल्या खर्ड्यात तीन ठिकाणी असलेलं एक वाक्य मी खोडलं. "हे अगदी सोपं आहे." धीर द्यायला म्हणून लिहिलं होतं. पण सोप्या गोष्टीत जो चुकतो त्याच्या मनात काय येतं, ते मी टेबलापलीकडून ऐकलं होतं.

नवा खर्डा तयार झाल्यावर एका रविवारी चार जणांना घरी बोलावलं. कॉलेजातली दोन मुलं, भाचीची एक मैत्रीण, आणि शेजारचे एक काका. काका बँकेतून निवृत्त झालेले. गिटार वाजवत नाहीत, पण तरुणपणी रेडिओ जोडायचे. चौघांना किटं दिली, मीटर दिला, चहा दिला, आणि एकच नियम स्वतःला घातला: विचारल्याशिवाय बोलायचं नाही. चार तास गप्प बसणं मला सर्किट काढण्यापेक्षा जड गेलं. मैत्रिणीचा एलईडी उलटा बसताना मला दिसत होता आणि मी बशीवर बोट फिरवत बसलो होतो.

पण त्या गप्प बसण्यातून जेवढं कळलं तेवढं मला एकट्याने कधीच कळलं नसतं. दोघांनी आधी उंच कपॅसिटर लावले, मग पीसीबी उलटा टेबलावर टेकेना, रेझिस्टर भोकांतून गळून पडू लागले. मला सवयीने माहीत होतं की बुटक्यापासून उंचाकडे जायचं. लिहायचं मात्र राहून गेलं होतं. काकांचा हात थोडा थरथरत होता. बारीक पॅडवर आयर्नचं टोक टिकेना, शेजारच्या पॅडवर सोल्डर सांडे. ते काही बोलले नाहीत, भिंग मागून घेतलं आणि पुन्हा प्रयत्न केला. डबीत जागा होती. पॅड मोठे आणि लांब-लांब ठेवायला माझं काहीच जाणार नव्हतं. आजपर्यंत पीसीबी दाटीवाटीने आखण्यात मी कौशल्य मानत आलो होतो. पुढच्या आखणीत पॅड दीडपट झाले.

नॉबचा घोटाळाही त्याच दिवशी उघडा पडला. पहिल्या खेपेला मी सरळ चालीचा, बी १०० के, पॉट दिला होता, कारण तोच सगळीकडे मिळतो. सर्किट सिग्नल वीसपट करतं, म्हणजे नॉब विसाव्या हिश्शाएवढा फिरला की आवाज मूळ गिटारएवढा होतो आणि अर्ध्यावर येईतो दहापट. मुलं नॉब जरासा हलवायची आणि अँप किंचाळायचा. खालच्या चिमूटभर जागेत सगळा खेळ. ए खुणेचा, लॉग चालीचा पॉट आवाज कानाच्या अंदाजाने चढवतो. नॉब मध्यावर असतो तेव्हा वाढ दोन-तीन पटींचीच असते. तो शोधायला हिंडावं लागलं, पण किटमध्ये आता तोच असतो.

आणि ते दोन रेझिस्टर? आता सगळे रेझिस्टर एका जाड कार्डावर ओळीने चिकटवलेले असतात, प्रत्येकाखाली ठळक किंमत आणि पुस्तिकेतल्या पायरीचा आकडा. काकांनाही भिंगाशिवाय वाचता आलं पाहिजे एवढ्या अक्षरात. ४७० आणि ४७ कार्डाच्या दोन टोकांना. पाच पट्ट्यांचे निळे मेटल फिल्म रेझिस्टर कमी खरखर करतात हे मला ठाऊक आहे. पण निळ्या अंगावर जांभळा नि काळा पट्टा वेगळा काढणं नवख्याला कठीण. मी चार पट्ट्यांचे, बदामी अंगाचेच ठेवले.

सगळ्यात जीव ओतला तो मात्र दोन छोट्या गोष्टींत. पहिली म्हणजे पीसीबीवर चार जागी गोल ठसे आहेत, मीटरची पिन टेकवायला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्या जागांचे अपेक्षित व्होल्ट, आणि वेगळे आले तर कुठे पाहायचं ते. दुसरी म्हणजे इनपुटचा कपॅसिटर सोल्डर करायचा नाही. त्या जागी दोन भोकांचं सॉकेट आहे, त्यात नुसता खोचायचा. सोबत दोन कपॅसिटर. १०० नॅनोफॅरडचा लावला तर सर्किट साधारण ४५ हर्ट्झपासून वरचं सगळं आत घेतं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, म्हणजे सगळी गिटार आली. ४.७ नॅनोफॅरडचा लावला तर ९०० हर्ट्झच्या वरचं पूर्ण ताकदीने जातं, खालचं हळूहळू गळतं, आणि साठच्या दशकातल्या त्या रेंजमास्टरच्या वाटेवरचा टोकदार आवाज निघतो. एक तुकडा काढून दुसरा खोचला की आवाज बदलतो, आणि बदलणारे हात आपले असतात.

भाचीला मी नवं किट दिलं नाही. तिनेच मागितलं, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत. या वेळी दुपारी, खिडकीशी बसली. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीने खूण करत गेली. मी पलीकडे वर्तमानपत्र धरून बसलो होतो. साडेचारच्या सुमारास तिने केबल खोचल्या, स्विच दाबला. एलईडी लागला. आवाज नाही.

माझा हात आपोआप पुढे गेला. "मामा, हात नको लावूस," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

तिने मीटर ओढला. काळी पिन ग्राउंडला, लाल पहिल्या ठशावर: ९.१. दुसऱ्यावर, म्हणजे कलेक्टरवर: तेवढाच. तिने शेवटचं पान उलगडलं, ओळीवर बोट ठेवलं. कलेक्टरवर बॅटरीएवढेच व्होल्ट असतील तर ट्रान्झिस्टर झोपलेला आहे, बेस पाहा. बेसवर शून्य. तिने पीसीबी उलटा केला, खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं.

"हा मणी झालाय," ती म्हणाली. ४७०चा वरचा पाय. डाग धरलाच नव्हता.

आयर्न पुन्हा तापायला तीन-चार मिनिटं गेली. तेवढ्यात ती काहीच बोलली नाही, मीही नाही. मग टोक टेकवलं, दोन सेकंद, किंचित तार, धुराची बारीक रेघ. मीटर लावला: ४.७. तिने पुस्तिकेत ठशापुढच्या रिकाम्या चौकटीत तो आकडा लिहिला, झाकण न लावताच गिटार मांडीवर घेतली आणि जाड तार छेडली.

मग सॉकेटमधला कपॅसिटर उपटून दुसरा खोचला, आणि तीच तार पुन्हा.

"मामा," ती म्हणाली, "तुझ्या खणात या दोघांच्या मधला कुठला आहे का?"

मी खण उघडून दिला.